वाढत्या अंगाचे स्केट्स घेऊ नका

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. उन्हाळी शिबिरात स्केटिंगला गेली आणि तेव्हापासून घरातही मोजे घालून फरशीवर घसरत असते. शिबिर संपल्यावर सरांनी तिला फिगर स्केटिंगच्या बॅचला घाला म्हणून सांगितलं. आतापर्यंत ती क्लासचेच, पट्ट्यांनी बुटावर बांधायचे टेनॅसिटी स्केट्स वापरत होती. आता स्वतःचे घ्यायचे आहेत. सर म्हणतात, बूट, हेल्मेट, पॅड, बॅग असं सगळं माझ्याकडून साडेनऊ हजारांत घ्या. मेन रोडवरच्या एका दुकानदाराने एका ओळीत चाकं असलेले इनलाइन दाखवले, ‘आता हेच चालतं’ म्हणाला. सासूबाई म्हणतात, घ्यायचेच तर दोन नंबर मोठे घ्या, तीन वर्षं निघतील. आमचे हे अंबडला कंपनीत आहेत. त्यांचं म्हणणं, दोन महिन्यांत नाद सुटेल, कशाला एवढा खर्च? बेअरिंग वगैरे लागलं तर मी आणून देतो. त्यातच कॅनडातली नणंद तिच्या लेकीचे बर्फावरचे पांढरे स्केट्स कुरिअरने पाठवते म्हणतेय. सरांकडून नाही घेतलं तर ते मुलीकडे दुर्लक्ष करतील, ही भीती वेगळीच. नक्की काय घेऊ?
– एक आई, पाथर्डी फाटा, नाशिक

ताई, पाच जणांनी तुम्हाला पाच सल्ले दिले आहेत. त्यातला सगळ्यात साधा आणि घरोघरी ऐकू येणारा सल्ला सासूबाईंचा आहे, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच वाटते. म्हणून आधी तोच घेते. बाकीचे चार त्यामानाने सोपे आहेत.

मुलांचं सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचं, ही आपल्याकडची रीतच. गणवेश, रेनकोट, दिवाळीचा फ्रॉक. आत दुमडून ठेवलेली पट्टी दरवर्षी थोडी उसवायची. कापडाच्या बाबतीत त्यात शहाणपण आहे. स्केटच्या बुटाचं काम मात्र अंग झाकायचं नाही. फिगर स्केटिंगमध्ये मूल एका पायावर उभं राहून बूट जरासा आत किंवा बाहेर कलवतं आणि त्या कलाने वळतं. घोट्याने दिलेला कल बुटातून थेट चाकांपर्यंत पोहोचला पाहिजे. बूट सैल असेल तर पाय आतल्या आत कलतो, बूट मागे राहतो, आणि घोटा आतल्या बाजूला कोसळतो. यूके मापातला एक नंबर म्हणजे जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. दोन नंबर मोठा घेतला की पावणेदोन सेंटिमीटरची पोकळी झाली. ती दोन-दोन मोजे घालून किंवा पुढे कापूस कोंबून भरत नाही. मऊ वस्तू दाबली जाते आणि पाय पुन्हा हलायला लागतो.

एखाद्या संध्याकाळी रिंकच्या कठड्याला टेकून फक्त मुलांचे घोटे बघा. काहींचे दोन्ही घोटे आत वळलेले दिसतील, चाकांच्या बाहेरच्या कडा जमिनीपासून जराशा सुटलेल्या. त्यांचे आईवडील सांगतात, ‘हिचे घोटे मुळातच कमजोर आहेत.’ बहुतेक वेळा घोट्याचा काही दोष नसतो. बूट मोठा असतो, नाही तर नाडी ढिली असते. माप बदललं की त्याच मुलीचे पाय सरळ होतात.

किती जागा ठेवायची? जास्तीत जास्त अर्धा नंबर. या वयात पाय वर्षाला साधारण एक नंबर वाढतो, तेव्हा हे बूट वर्षभर जातील असं गृहीत धरू नका. तीन वर्षं तर सोडूनच द्या. सासूबाईंची काळजी पैशाची आहे आणि ती रास्त आहे. तिच्यावरचा उपाय खाली सांगते, पण तो मोठा नंबर घेणं हा नाही.

माप घरीच घ्या. संध्याकाळी घ्या, दिवसभराच्या धावपळीने पाय थोडा सुजलेला असतो तेव्हा. भिंतीला लावून जमिनीवर कोरा कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवून मुलीला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करा आणि सगळ्यात लांब बोटापुढे पेन्सिल उभी धरून खूण करा. पेन्सिल तिरपी झाली की माप चुकलंच. दोन्ही पाय मोजा, सारखे नसतात. मोठ्या पायाचं माप सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि खरेदीला जाताना तो आकडा सोबत न्या. ‘शाळेच्या बुटांचा नंबर अमुक’ ही माहिती इथे कामाची नाही, कारण यूके, युरोपियन आणि अमेरिकन नंबर वेगवेगळे असतात आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता स्वतःचा असतो.

बूट घालून बघताना पातळ मोजा घाला. टाच जमिनीवर मागे ठोकून बुटाच्या कोपऱ्यात बसवा, मग नाडी बांधा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकायला हवीत, वाकायला नकोत. गुडघे वाकवले की बोटं किंचित मागे आली पाहिजेत. आता तिला टाच उचलायला सांगा. बूट जागेवर आणि आत टाच वर, असं झालं तर तो जोड परत करा. ‘कसे आहेत गं?’ असं मात्र विचारू नका. सात वर्षांच्या मुलीला नवे स्केट्स कधीच टोचत नाहीत, ती ‘मस्त’च म्हणणार. पंधरा मिनिटं तसंच उभं राहू द्या, दुकानात दोन फेऱ्या मारायला लावा आणि मग बूट काढून पाय बघा. घोट्याच्या हाडावर, करंगळीच्या बाजूला किंवा टाचेमागे लालबुंद वळ असेल तर उत्तर पायानेच दिलं.

बूट कडक असावा, पण मुलीला वाकवता येईल इतकाच. मोठ्या खेळाडूंचे बूट उड्यांचा मार सोसायला फार ताठ बनवतात. वीस-बावीस किलोच्या मुलीला तो बूट घोट्यात वाकतच नाही आणि मग ती गुडघे न वाकवता काठीसारखी उभी राहते. दुकानदार ‘हे प्रोफेशनल आहेत’ म्हणाला की नम्रपणे पुढचा जोड मागा.

नाडीबद्दल एवढं सांगते, कारण चांगल्या मापाचा बूटही नाडीने बिघडतो. बोटांकडे नाडी थोडी मोकळी. पाऊल जिथे वर वळतं, घोट्यासमोरच्या त्या खळग्यात, सगळ्यात घट्ट. तिथली प्रत्येक ओळ ओढूनच पुढे जायचं. वरच्या हुकांवर पुन्हा जराशी सैल, म्हणजे गुडघा पुढे वाकवता येतो. उरलेली लांब नाडी घोट्याभोवती गुंडाळून गाठ मारायची सवय अनेकांना असते. ती लावू नका. त्याने रक्तपुरवठ्याला त्रास होतो आणि आधार काही वाढत नाही. लांब नाडी कापून छोटी घ्या किंवा बुटात खोचा.

आता दुकानदार. त्याने दाखवलेले इनलाइन वाईट नाहीत, ते वेगळ्या कामाचे आहेत. एका ओळीत चार चाकांचे स्केट्स वेगासाठी. आपल्याकडे चाकांवरच्या फिगर स्केटिंगला, ज्याला स्पर्धांत आर्टिस्टिक म्हणतात, बहुतेक क्लास क्वाडवर सुरुवात करतात. क्वाड म्हणजे पुढे दोन, मागे दोन चाकं, टाच असलेला उंच बूट आणि पुढे रबरी स्टॉपर. इनलाइनचाही एक फिगर प्रकार असतो. त्यात चाकं एका ओळीत असली तरी खालची रेषा किंचित कमानदार असते आणि पुढे स्टॉपर असतो. तुम्हाला दाखवले ते तसले नसणार. सरांना एकच विचारा, ‘बॅच क्वाडवर आहे ना?’ हो म्हणाले की इनलाइनचा विषय मिटला.

तुमच्या मुलीला आता रिंकवर रंगवलेल्या वर्तुळांवरून एका पायावर फिरायला शिकवतील. मोठी वर्तुळं सहा मीटर व्यासाची असतात. बर्फावरच्या जागतिक स्पर्धांतून वर्तुळांचा हा भाग १९९० नंतर गेला. चाकांवर तो टिकून आहे, आणि मला विचाराल तर पाया त्यानेच पक्का होतो. त्यासाठी स्केट कलला की चाकं वळली पाहिजेत. क्वाडच्या पत्र्याखाली, म्हणजे प्लेटखाली, चाकांच्या जोड्या ज्या भागावर बसवतात त्याला ट्रक म्हणतात. त्यात रबराच्या कुशन असतात. मोठ्यांच्या वजनाला बसतील अशा कडक कुशन लहान मुलीच्या स्केटला असल्या तर ती कितीही कलली तरी स्केट सरळच धावतो. दुकानात बघायची सोपी रीत आहे. स्केट टेबलावर चाकांवर उभा ठेवा, बूट एका हाताने एका बाजूला दाबा. चाकं त्या बाजूला किंचित वळताना दिसली पाहिजेत. ढिम्म हलली नाहीत तर ट्रकचा नट सैल करून मिळतो का विचारा. तरीही नाही वळली तर नरम कुशन मिळतील का, हे विचारा. घरी स्वतः नट फिरवत बसू नका, तो सरांकडून लावून घ्या; फार सैल झाला तर स्केट लडबडतो.

स्टॉपर घट्ट बसलाय का, हाताने फिरवून बघा. काही लोक लहान मुलांचा स्टॉपर काढून टाकतात. पुढे उड्यांसाठी तो लागणारच आहे, त्यामुळे काढायचा की ठेवायचा हे सरांना ठरवू द्या. चाकांचा कडकपणा आकड्यात आणि पुढे ए अक्षरात लिहिलेला असतो. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. ८० ए च्या आसपासची नरम चाकं खडबडीत जागेवर चालतात. ९५ ए आणि त्यापुढची कडक चाकं गुळगुळीत रिंकवर छान घरंगळतात, पण धूळ असेल तर घसरतात. कुठली घ्यायची हे तुमच्या क्लासच्या फरशीवर अवलंबून आहे. कुठलीही घेतलीत तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकवर ती फिरवू देऊ नका. फटींत अडकून मूल तोंडावर पडतं, आणि चाकांचं जे व्हायचं ते होतंच. घरासमोर खेळायला जुने टेनॅसिटी मिळाले तर तेच ठेवा.

तुमच्या यजमानांना खरेदीला घेऊनच जा. कंपनीत काम करणाऱ्या माणसाला स्केटच्या खालची बाजू आपल्यापेक्षा चटकन कळते. त्यांना सांगा, साधारणपणे ६०८ नंबरचं बेअरिंग बसतं, आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, रुंदी ७. एका चाकात दोन, म्हणजे जोडीत सोळा. मात्र काही फिगरच्या प्लेटना ७ मिलिमीटरचा दांडा असतो, तेव्हा आणायच्या आधी मोजायचं. खोक्यावर एबेक ७, एबेक ९ असं ठळक छापून जास्त पैसे मागतात. तो आकडा बनावटीतल्या काटेकोरपणाचा असतो. वर्तुळावर हळू फिरणाऱ्या मुलीला त्याने काडीचा फरक पडत नाही. तो फरकाचा पैसा बुटात घाला.

आणि त्यांच्या ‘दोन महिन्यांत नाद सुटेल’ या म्हणण्यातही तथ्य आहे. सुटतो कधी कधी. म्हणून असं करा. पहिला महिनाभर फिगरच्या बॅचलाही क्लासचे टेनॅसिटीच वापरायला सरांची परवानगी घ्या. तोल, थांबणं, पडून उठणं एवढं त्यावर होतं. घोट्याला आधार नसल्याने त्याहून फार पुढे जाता येत नाही, पण नाद टिकतोय का हे कळायला तेवढं पुरे. तोपर्यंत क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका : अमुक सेंटिमीटरचे वापरलेले फिगर क्वाड हवेत. मुलांचे पाय बुटांआधी वाढतात, त्यामुळे एखाद्या ताईदादाच्या कपाटात चांगला जोड नक्की पडून असतो. हाच सासूबाईंच्या काळजीवरचा उपाय. मापाचा वापरलेला जोड घ्यायचा, आणि लहान झाला की पुढच्या मुलाला विकायचा.

वापरलेला घेताना मात्र घोट्याच्या जागी बूट दाबून बघा. तिथे खोल घडी पडून चामडं लुळं झालं असेल तर फुकटही नको. तळाशी प्लेटचे स्क्रू हलतात का, तळवा ओलाव्याने फुगलाय का, तेही बघा. चाकं आणि बेअरिंग झिजलेली असली तर चालेल, ती बदलता येतात. आपण पैसे मोजतो ते बुटाचे आणि प्लेटचे.

सरांचा विषय नाजूक आहे, मला कल्पना आहे. पण सर विकतात म्हणून लगेच शंका घेऊ नका. नाशकात खेळाच्या सामानाच्या दुकानात क्रिकेट-बॅडमिंटनचा भरणा असतो, फिगरचे बूट सगळ्या मापांत क्वचितच मिळतात. म्हणून प्रशिक्षक मुंबई-पुण्याहून मागवून देतात आणि त्यात चार पैसे ठेवतात. त्यात गैर काही नाही. माझी हरकत ‘सगळं मिळून साडेनऊ हजार’ या एकगठ्ठा आकड्याला आहे. सरांना सरळ विचारा : बुटाची किंमत वेगळी किती? माप बसलं नाही तर बदलून मिळेल का? प्लेट बुटाला स्क्रूने बसवलीय की कायमची? स्क्रूची असेल तर बूट लहान झाल्यावर प्लेट पुढच्या बुटाला लावता येते. ही तीन उत्तरं नीट मिळाली तर बूट त्यांच्याकडूनच घ्या, बिनधास्त घ्या. हेल्मेट आणि पॅड दुसरीकडे बघा.

आणि बूट दुसरीकडून घेतलेत तर पहिल्या दिवशी ते सरांच्या हातात द्या. ‘सर, हे मिळाले, जरा बघून ट्रक लावून द्याल का?’ एवढं म्हणा. शिकवणाऱ्याला आपल्या नजरेखालून सामान गेलेलं आवडतं, आणि ते तपासणं त्यांचं कामही आहे. यावरही एखादा माणूस सात वर्षांच्या मुलीवर राग काढत असेल, तर बॅच बदलायला हवी हे तुम्हाला साडेनऊ हजार न घालवताच कळलं.

नणंदेला आजच मेसेज करा, नाही तर पार्सल निघेल. बर्फावरच्या स्केटला चाकं नसतात, पोलादी पातं असतं. ते साधारण चार मिलिमीटर जाड, खालून पन्हाळीसारखं कोरलेलं, दोन बाजूंना दोन धारा आणि पुढे दातेरी टोक. सिमेंटवर ते दोन पावलंही चालवायचं नाही, धार जाते. आणि नाशकात त्यावर सराव करायला बर्फ नाही. देशात अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सिमल्याला हिवाळ्यात थंडीने गोठवलेली उघडी रिंक आहे, डेहराडूनला यंत्राने बर्फ केलेली मोठी रिंक आहे. पातं काढून त्या बुटाला चाकांची प्लेट लावता येते हे खरं, पण त्यात पडायचं कारण नाही. नणंदेच्या लेकीचं माप तुमच्या लेकीचं माप नाही आणि प्लेटसकट ते काम नव्या जोडीइतकंच पडेल. मुलीला ‘खरं स्केटिंग बर्फावरचं, हे आपलं लुटुपुटूचं’ असं वाटू देऊ नका. चाकांवरचं फिगर हा स्वतंत्र खेळ आहे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुप कुमार यामा यांनी एकेरीत कांस्यपदक मिळवलं, आणि जोडीच्या प्रकारात अवनी पांचाळ यांच्यासोबत आणखी एक.

पुढे कधी आत्याकडे सुट्टीला गेलात तर तिथल्या रिंकवर स्केट्स भाड्याने घ्या. तेव्हा हेल्मेट इथून नेऊ नका. स्केट कॅनडाच्या लहान मुलांच्या कार्यक्रमात, पाचव्या टप्प्यापर्यंत, तिथल्या प्रमाणचिन्हाचं हॉकी हेल्मेटच लागतं. सायकलचं चालत नाही.

इथल्या हेल्मेटकडे वळू. नव्या वस्तूचा हट्ट कुठे धरायचा असेल तर तो इथे धरा. हेल्मेट वापरलेलं घेऊ नका, कारण ते आधी आपटलंय का हे वरून कळत नाही आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद. स्केटिंगमध्ये मूल पाठीवरही पडतं, म्हणून डोक्याची मागची बाजू खालपर्यंत झाकणारं घ्या. भुवयांच्या जरा वर टेप गुंडाळून डोक्याचा घेर मोजा. घातल्यावर पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी व्ही, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकाच पट्टा. स्कूटरवर मागे बसायचं हेल्मेट लावून पाठवू नका. त्या वजनाने मानेचा तोल जातो. पुढे गिरक्या सुरू झाल्यावर सर हेल्मेट काढायला सांगतील. तो निर्णय त्यांचा, तिच्या मैत्रिणींचा नव्हे.

गुडघ्याचे पॅड, कोपराचे पॅड आणि मनगटाचे गार्ड हवेतच. पडताना मूल हात पुढे टाकतं, त्यामुळे मनगटाचे गार्ड गुडघ्याच्या पॅडइतकेच महत्त्वाचे, तरी तेच घरी विसरले जातात. तळहाताच्या बाजूला कडक पट्टी असलेले घ्या. गुडघ्याचा पॅड गुडघे वाकवून बांधा. उभं राहून बांधलेला पहिल्याच बैठकीत पोटरीवर उतरतो.

कपड्यांना वेगळा खर्च नको. अंगाबरोबर बसणारी लेगिंग, टी-शर्ट, केसांची घट्ट वेणी. ओढणी, लोंबणाऱ्या नाड्या, खिशात किल्ली असलं काही नको. मोजे पातळ, बुटाच्या वर येणारे. टॉवेलसारखे जाड मोजे नकोत. आणि पैंजण काढा. बुटाच्या काठाखाली चांदीची कडी दाबली गेली की तासाभरात तिथे रुतून जखम होते, आणि मूल आई ओरडेल म्हणून सांगत नाही. आजीने हौसेने सराफ बाजारातून आणलेले असतील तर क्लासच्या दिवशी डबीत ठेवायचं आजीलाच सांगा.

पावसाळ्यात रिंक ओली असेल तर त्या दिवशी सुट्टी. चाकं ओलीवर घसरतात आणि पाणी गेलं की बेअरिंग गंजतं. चुकून भिजलेच तर चाकं काढून कोरड्या फडक्याने पुसा, हवेशीर जागी ठेवा, मग हलक्या मशीन तेलाचा एकेक थेंब. खोबरेल घालू नका. डिसेंबरात आपल्याकडे बाटलीतलं खोबरेल सकाळी गोठलेलं असतं, ते बेअरिंगमध्येही गोठतं. बूट क्लासच्या बॅगेत बंद करून ठेवू नका. घरी आल्यावर नाडी सैल करून जीभ बाहेर ओढून वाळू द्या, पण उन्हात नाही.

तेव्हा पैशाचा क्रम असा लावा : आधी नवं हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड, महिन्याभराने मापाचा बूट, मिळाला तर वापरलेला. स्केट्ससाठी वेगळी बॅग नकोच, शाळेची जुनी सॅक चालते.

झगमगत्या फ्रॉकचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगी विचारेलच. स्पर्धेची तारीख हातात आल्यावर शिवायला टाका, त्याआधी नाही. आणि हा फ्रॉकसुद्धा अंगाबरोबरच. ताणलं जाणारं कापड घ्या, आणि टिकल्या-चमकी डिंकाने चिकटवलेली नको, शिवून घ्या. रिंकवर पडलेल्या टिकलीवर चाक अडतं, आणि पडतं ते बहुधा मागून येणारं दुसऱ्याचं मूल.